घोड्या-गाढवाचं मागचं आतडं कसं चालतं? दाणा जास्त झाला तर रवंथाची वाट बघू नका

दोन वर्षांपूर्वीच्या मार्चमधली गोष्ट. गहू काढून झाला होता, रास खळ्यातच ताडपत्रीखाली होती. माझ्या चुलतभावाच्या घोडीने रात्रीतून दावं तोडलं आणि पहाटेपर्यंत त्या राशीवर ताव मारला. सकाळी बघितलं तर घोडी शांत उभी. भाऊ म्हणाला, "खाल्लं तर खाल्लं, पचवेल."

दुपारी तिने कडब्याला तोंड लावलं नाही. मग पुढच्या पायाने जमीन उकरायला लागली, वळून वळून कुशीकडे बघायला लागली. गल्लीतले एक आबा आले. बैलांचे मोठे जाणकार. ते म्हणाले, "रवंथ करतेय का बघा. रवंथ सुरू झाला की जनावर सुटलं समजा." आम्ही सगळे तिच्या तोंडाकडे बघत बसलो. त्यात दोन-तीन तास गेले.

संध्याकाळी पशुवैद्यकीय डॉक्टर आले. आम्ही म्हणालो, साहेब, अजून रवंथ करत नाही. ते म्हणाले, "अहो, घोडा आयुष्यात कधी रवंथ करतो का?"

आम्ही सगळे शेतकरी, जन्म जनावरांत गेलेला, पण कुणाच्याच हे लक्षात आलं नव्हतं. घोडी वाचली. पण दोन दिवसांनी तिचे पुढचे खूर गरम झाले, ती पाय टेकवेना. आज ती चालते, पण दगडावरून लंगडते. वरातीचं काम कायमचं बंद झालं. त्यानंतर मी डॉक्टरांना विचारून, वाचून जे समजून घेतलं ते इथे लिहितोय. ज्यांच्याकडे घोडा, तट्टू, खेचर, गाढव किंवा ससे आहेत त्यांनी पूर्ण वाचावं.

गवत पचवायला जंतू लागतात

गवत, कडबा, भुसकट यातला मुख्य भाग म्हणजे तंतू. हा तंतू गाय, घोडा, माणूस यांच्यापैकी कुणाचंच पोट स्वतः पचवू शकत नाही. तो फोडणारा रस आपल्या शरीरात तयारच होत नाही. ते काम बारीक जिवाणू करतात. ते तंतू आंबवतात आणि त्यातून आम्लं तयार होतात. ती आम्लं रक्तात जातात आणि जनावराला ताकद मिळते.

म्हणून चारा खाणाऱ्या प्रत्येक जनावराच्या पोटात एक आंबवण्याची टाकी असते. गोबरगॅसची टाकी डोळ्यांसमोर आणा, तसंच काम. फरक एवढाच की काही जनावरांत ही टाकी पुढे असते आणि काहींत मागे. सगळा खेळ या एका गोष्टीवर आहे.

गाय-बैलाची टाकी पुढे

गाय, म्हैस, शेळी, मेंढी यांच्या पोटाला चार कप्पे असतात. पहिला सगळ्यात मोठा, त्याला रुमेन म्हणतात. मोठ्या गायीच्या रुमेनमध्ये १०० लिटरच्या वर माल मावतो. गाय भराभर चारा गिळते, तो रुमेनमध्ये जातो, मग निवांत बसून ती तो परत तोंडात आणते आणि चावते. हाच रवंथ. बारीक झाल्यावरच माल पुढे सरकतो. तयार झालेला गॅस ती ढेकर देऊन बाहेर टाकते.

यात गायीचा एक मोठा फायदा आहे. रुमेनमधले जिवाणू वाढतात, पुढे खऱ्या जठरात आणि लहान आतड्यात जातात आणि तिथे तेच पचतात. म्हणजे गाय चारा तर खातेच, शिवाय चाऱ्यावर वाढलेले जिवाणूही पचवते. त्यातून तिला प्रथिनं मिळतात. म्हणून ती साध्या कडब्यावर, थोड्या पेंडीवर दूध देते.

घोड्या-गाढवाची टाकी मागे

घोड्याचं जठर एकच आणि अंगाच्या मानाने फार लहान. मोठ्या घोड्याचंही ८ ते १५ लिटरचं. आपल्याकडच्या तट्टाचं त्याहून कमी. तिथून अन्न लहान आतड्यात जातं, ते साधारण २० मीटर लांब असतं. दाण्यातला पिठूळ भाग, तेल आणि बरीचशी प्रथिनं इथेच पचतात, आपल्यासारखीच.

चाऱ्याचा तंतू मात्र न पचता पुढे जातो आणि मागच्या आतड्यात पोचतो. या मागच्या आतड्याचे भाग असे:

सीकम, म्हणजे आंधळं आतडं. लहान आतडं संपतं तिथे उजव्या बाजूला ही मोठी पिशवी असते. आत यायची आणि बाहेर जायची वाट एकाच टोकाला, दुसरं टोक बंद, म्हणून आंधळं. मोठ्या घोड्यात ही सुमारे १ मीटर लांब असते आणि २५ ते ३५ लिटर माल धरते. म्हणजे तेलाचे १५ लिटरचे दोन डबे. माणसात याच जागी छोटं आंधळं आतडं आहे, अपेंडिक्स त्यालाच लटकलेलं असतं.

मोठं आतडं. ३ ते ४ मीटर लांब आणि ५० लिटरच्या वर माल मावणारं. पोटात जागा करण्यासाठी ते दुमडून बसलेलं असतं. एका वळणावर ते एकदम अरुंद होतं. पाणी कमी पडलं, चारा फार जाड-कोरडा असला, की माल याच वळणावर अडकतो.

शेवटचं बारीक मोठं आतडं आणि गुदाशय. इथे पाणी शोषलं जातं आणि लिदीचे गोळे तयार होतात.

घोड्याच्या सगळ्या अन्ननलिकेत जेवढा माल मावतो, त्यातला निम्म्याहून जास्त या मागच्या भागात असतो. नुसत्या चाऱ्यावर असलेल्या घोड्याला निम्म्याहून जास्त ताकद इथूनच मिळते. ब गटातली जीवनसत्त्वंही इथले जिवाणू तयार करतात. म्हणजे घोडा पाळणं म्हणजे या मागच्या टाकीतले जिवाणू पाळणं.

शेण आणि लीद वेगळी का?

आपल्या भाषेत गायीचं ते शेण आणि घोड्याची ती लीद. शब्द उगाच वेगळे नाहीत. शेण हातात घेतलं तर मऊ, एकजीव लागतं. लीद फोडली तर आत गवताच्या काड्या दिसतात. कारण घोडा एकदाच चावतो, त्याला परत चावायची संधी नाही. त्याच्या आतड्यातून चारा लवकर पुढेही सरकतो. त्यामुळे तंतू पचवण्यात गाय घोड्याच्या पुढे आहे.

मग घोडा जगतो कसा? जास्त खाऊन. गायीला माल बारीक होईपर्यंत थांबावं लागतं, घोड्याला नाही. मोकळा घोडा दिवस-रात्र मिळून १४ ते १६ तास चरत असतो. थोडं थोडं, सतत. त्याचं जठर लहान आहे ते याचसाठी.

दुसरी गोष्ट. घोड्याच्या मागच्या टाकीत जिवाणू वाढतात, पण प्रथिनं पचवणारं लहान आतडं तर मागे राहून गेलेलं असतं. त्यामुळे ते जिवाणू बहुतांश लिदीतून बाहेर जातात. म्हणूनच युरिया प्रक्रिया केलेल्या काडाचा जो फायदा बैलाला होतो, तो घोड्याला होत नाही. गाभण किंवा दुधावरच्या घोडीला, वाढत्या शिंगराला चांगली प्रथिनं खाण्यातूनच द्यावी लागतात. लसूणघास, भुईमुगाचा पाला, थोडी पेंड.

शिंगरू लहानपणी आईची लीद खातं. बरेच जण त्याला मारतात. मारू नका. त्यातूनच त्याच्या आतड्यात कामाचे जिवाणू येतात.

जास्त दाणा कुठे नडतो?

घोड्याला दाणा देतात त्याला आपल्याकडे चंदी म्हणतात. चंदी थोडी असेल तर लहान आतड्यातच पचते. एकदम जास्त झाली की लहान आतड्याला पुरत नाही आणि न पचलेलं पीठ तसंच मागच्या टाकीत जाऊन पडतं.

तिथे काय होतं? पीठ खाणारे जिवाणू भराभर वाढतात आणि आम्ल करतात. टाकी आंबट होते. तंतू पचवणारे जिवाणू मरायला लागतात. मेलेल्या जिवाणूंमधलं विष आतड्यातून रक्तात जातं. गोबरगॅसच्या टाकीत एकदम शिळं अन्न ओतलं की टाकी आंबते आणि गॅस बंद पडतो ना, तसंच. फक्त इथे टाकी जिवंत जनावराच्या पोटात आहे.

त्यातून पोटात कळा येतात, पोट फुगतं, हगवण लागते. आणि बहुधा दुसऱ्या-तिसऱ्या दिवसापर्यंत खुराचा आजार दिसतो. डॉक्टर त्याला लॅमिनायटिस म्हणतात. खुराच्या आतलं हाड ज्या नाजूक थराने खुराच्या भिंतीला धरलेलं असतं, तो थर सुजतो आणि सुटायला लागतो. खूर गरम लागतात, जनावर पुढचे पाय पुढे टाकून वजन मागे घेऊन उभं राहतं. आमच्या घोडीचं हेच झालं.

बैलालाही जास्त दाणा बाधतो, हे खरं. पण त्याची टाकी पुढे आहे. पोट फुगलं तर डॉक्टर डाव्या कुशीतून गॅस काढू शकतात, फार झालं तर रुमेन उघडून माल बाहेर काढता येतो. घोड्यात डॉक्टरांची नळी नाकातून जठरापर्यंतच पोचते. दाणा तिथे असेपर्यंत तो धुऊन काढता येतो. एकदा मागे गेला की नळीने निघत नाही. शिवाय घोड्याच्या जठराच्या तोंडाची झडप इतकी घट्ट असते की तो उलटी करू शकत नाही. जठर फार तटतटलं तर फुटू शकतं.

म्हणून पहिले काही तास सोन्याचे. आम्ही तेच तास रवंथाची वाट बघण्यात घालवले.

हे लक्षात ठेवा

१. चारा आधी, चंदी नंतर. ३०० किलोच्या घोड्याला रोज ५ ते ६ किलो सुकी वैरण हवी. जनावर चारा-पाच तासांच्या वर उपाशी राहू देऊ नका.

२. चंदी एका वेळी १ किलो, फार तर दीड किलो. जास्त द्यायचीच असेल तर दिवसातून तीन वेळा विभागून. गाढवाला कामाचा मोठा ताण नसेल तर चंदीची गरजच नसते, भुसकट-कडब्यावर ते चांगलं राहतं.

३. खाणं बदलायचं असेल तर ७ ते १४ दिवसांत हळूहळू बदला. मागच्या टाकीतल्या जिवाणूंना नव्या खाण्याची सवय व्हायला वेळ लागतो. सारंगखेडा, माळेगावच्या यात्रेतून घोडा किंवा जेजुरी, मढीच्या बाजारातून गाढव आणलं तर आधीचा मालक काय घालत होता ते विचारून घ्या. जमलं तर चार दिवसांचा तोच चारा सोबत आणा.

४. स्वच्छ पाणी कायम समोर. घोड्याला रोज २५ ते ४० लिटर लागतं, उन्हाळ्यात आणि कामावर त्याहून जास्त. पाणी कमी पडलं की मोठ्या आतड्यात माल सुकतो.

५. लग्नातलं उरलेलं अन्न, पुऱ्या, बुंदी, भात घोडीला घालू नका. लोक प्रेमाने घालतात, भोगतं जनावर. वरातीच्या दिवशी आयोजकांना आधीच सांगून ठेवा.

६. कोंबड्यांचं किंवा गायींचं तयार खाद्य घोड्या-गाढवाला देऊ नका. त्यात कधी कधी मोनेन्सिन नावाचं औषध मिसळलेलं असतं. कोंबडीला, गायीला ते चालतं, घोड्याच्या हृदयावर मात्र थोड्या मात्रेतही घात करतं.

७. मेडिकलमधून स्वतःच्या मनाने अँटिबायोटिक आणून पाजू नका. मागच्या आतड्यातले कामाचे जिवाणू मरतात आणि जीवघेणी हगवण लागू शकते.

८. वाळूत, रेतीत चारा टाकू नका. रेती पोटात जाऊन आतड्याच्या तळाशी साचते. उकिरड्यावर चरणाऱ्या गाढवांच्या पोटात प्लास्टिकही अडकतं.

९. जंताचं औषध डॉक्टरांना विचारून वेळेवर द्या. घोड्याचे बरेच जंत याच मागच्या आतड्याच्या भिंतीत घर करतात.

पोटशूळ कसा ओळखायचा?

जनावर खाणं सोडतं. पुढच्या पायाने उकरतं, कुशीकडे बघतं, पोटावर लाथ मारायला बघतं, सारखं बसतं-उठतं, लोळतं, घाम फुटतो. लीद कमी होते किंवा बंद होते. कुशीला कान लावा. निरोगी घोड्याच्या पोटात गुडगुड चालूच असते, उजव्या कुशीत वरच्या बाजूला मिनिट-दोन मिनिटांनी पाणी ओतल्यासारखा आवाज येतो. तो सीकमचा. पोट एकदम शांत झालं असेल तर ते चांगलं लक्षण नाही.

नाडी जबड्याच्या हाडाखाली बोटाला लागते. शांत उभ्या घोड्याची मिनिटाला २८ ते ४४ असते. ६० च्या वर गेली तर गंभीर समजा.

गाढवाचं वेगळं आहे. ते दुखणं दाखवत नाही. लोळणार नाही, उकरणार नाही, नुसतं मान खाली घालून उभं राहील. गाढवाने खाणं सोडलं, बाजूला उभं राहिलं, एवढंच लक्षण पुरेसं समजा. धष्टपुष्ट गाढव दोन-तीन दिवस उपाशी राहिलं तर अंगातली चरबी रक्तात उतरते आणि त्यानेही ते मरू शकतं.

डॉक्टर येईपर्यंत काय करायचं?

जनावराने दाणा खाल्लाय हे कळलं त्याच क्षणी डॉक्टरांना फोन करा. लक्षणं दिसायची वाट बघू नका. सरकारी फिरत्या पशुवैद्यकीय पथकासाठी १९६२ हा टोल फ्री नंबर आहे. फोनवर नीट सांगा: काय खाल्लं, अंदाजे किती, किती वाजता, शेवटची लीद कधी टाकली, नाडी किती.

पुढचा सगळा चारा-दाणा काढून घ्या. पाणी राहू द्या. जोरात लोळत असेल तर हळू चालवा, पळवू नका, दमवू नका.

तोंडातून किंवा नाकातून तेल, सोडा, काढा, दारू काहीही ओतू नका. वरून ओतलेलं फुप्फुसात जातं आणि पोटाचं दुखणं राहतं बाजूला, न्यूमोनियाने जनावर जातं. तेल द्यायचं असेल तर डॉक्टर नळीने देतील. माणसाच्या दुखण्याच्या गोळ्याही देऊ नका.

खूर बर्फाच्या गार पाण्यात ठेवले तर खुराचा आजार टळायला मदत होते. हे डॉक्टरांना विचारून पहिल्याच दिवसापासून करावं. सूज दिसल्यावर केलं तर तेवढा उपयोग होत नाही.

ससा आणि हत्तीही याच घरातले

सशाची टाकीही मागेच. त्याचं सीकम अंगाच्या मानाने प्रचंड मोठं असतं. ससा दोन प्रकारच्या लेंड्या टाकतो. एक कडक, ती टाकून देतो. दुसरी मऊ, घोसासारखी, सीकममध्ये तयार झालेली. ती तो थेट मागून तोंडाने घेऊन गिळतो. नवीन ससेपालकाला हे घाण वाटतं, आजार वाटतो. पण गाय रवंथाने जे साधते ते ससा असं साधतो. मागे तयार झालेली प्रथिनं आणि जीवनसत्त्वं त्याला दुसऱ्या फेरीत मिळतात. ते बंद झालं तर ससा खंगतो. सशालाही गवत जास्त आणि दाणा कमी हाच नियम.

हत्तीही मागच्या आतड्यावर जगतो. सिंधुदुर्ग, गडचिरोलीत ज्यांनी हत्तीची लीद बघितली असेल त्यांना त्यात काटक्या, साली, अख्ख्या बिया दिसल्या असतील. खाल्लेल्यातलं निम्म्याहून जास्त तो न पचवता टाकतो, म्हणून त्याला दिवसभर खात राहावं लागतं.

शेवटचं

आपल्या गावात जनावराचं ज्ञान म्हणजे बैलाचं ज्ञान. ते पिढ्यांचं आहे, खरं आहे, पण ते पुढच्या टाकीचं आहे. धनगर वाड्यावरचं तट्टू, वीटभट्टीवरचं गाढव, वरातीची घोडी यांना ते लावलं की चूक होते. त्या दिवशी आबांचं काही चुकलं असं मी म्हणणार नाही, त्यांनी जे आयुष्यभर बघितलं ते सांगितलं. नंतर त्यांनीच मला विचारलं, "मग हा रवंथ करत नाही तर बघायचं काय?" मी डॉक्टरांचं सांगितलं: लीद बघायची, पोटाचा आवाज ऐकायचा, खुराला हात लावायचा.

आता आबा घोडीजवळून जाताना आधी लीद बघतात. भावाने धान्याच्या खोलीला कडी बसवली आहे आणि घोडीचं दावं बदललं आहे. हे दोन्ही मिळून खर्च शंभर-दोनशे रुपयांचा होता. तुमच्याकडे घोडा-गाढव असेल तर आजच धान्याच्या खोलीची कडी तपासा.